लिटरची बाटली टेबलावरून हलवली

रोज नऊ-दहा तास खुर्चीत. उठताना कंबर धरायची, तर आई म्हणायची, "अरे, म्हातारी मी की तू?" दहा हजार पावलांचा संकल्प दोनदा केला, दोन्ही वेळा आठवड्यात बारगळला. मग ध्येयच लहान केलं. लिटरच्या बाटलीऐवजी टेबलावर स्टीलचं फुलपात्र ठेवलं. चार घोटांत संपतं, की पाण्यासाठी उठणं आलंच. (मोबाइलचा गजर लावून पाहिला होता, मीटिंगमध्ये तो पहिला बंद व्हायचा.) डोळ्यांसाठी दर २० मिनिटांनी २० सेकंद, २० फुटांपलीकडे बघतो. समोरच्या गच्चीवरची काळी टाकी आता तोंडपाठ झालीये. लॅपटॉपखाली दोन जाडजूड शब्दकोश, कीबोर्ड वेगळा. मान तेवढ्यानं मोकळी झाली. चार वाजताचा चहा आणि खारी मात्र अजून सुटलेली नाही.