हृदयरुग्णांनो, रक्ताचा रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

रिपोर्ट हातात आला की नजर आधी ठळक छापलेल्या आकड्यांकडे जाते. तसा एकही नसला की सगळे निर्धास्त. पण लॅब शेजारी जी मर्यादा छापते ती सर्वसाधारण माणसासाठी असते. समजा, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल ९२ आले आणि मर्यादा ‘१०० पेक्षा कमी’ आहे. अटॅक येऊन गेलेल्या किंवा स्टेंट बसवलेल्या माणसाला हे ९२ चालणार नाही. युरोपातल्या आणि आपल्याकडच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटना अशा रुग्णासाठी ५५ च्या खालचे लक्ष्य सांगतात.

याहून घातक चूक म्हणजे ‘कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं’ म्हणून स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, बंद करणे. आकडा उतरला तो गोळीमुळेच. गोळी थांबली की काही आठवड्यांत तो पुन्हा चढतो. अटॅकनंतर दोन-चार दिवसांनी केलेल्या तपासणीवरही विसंबू नका. त्या काळात एलडीएल आपोआप खाली येते आणि फसवते. पहिल्या २४ तासांतला आकडा आणि उपचार सुरू झाल्यावर ४ ते ६ आठवड्यांनी केलेली तपासणी, हे दोन्ही जपून ठेवा.

जिवावर बेतणारी चूक मात्र ट्रोपोनिनच्या बाबतीत होते. छातीत दुखायला लागले, तासाभरात जवळच्या लॅबमध्ये रक्त दिले, रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि ‘पित्तच असणार’ म्हणत माणूस घरी परतला. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतले प्रथिन. स्नायूला इजा झाली की ते रक्तात उतरते, पण साध्या चाचणीत दिसण्याइतके वाढायला साधारण ३ ते ६ तास लागतात. म्हणून हॉस्पिटलमध्ये हाय-सेन्सिटिव्हिटी (जास्त संवेदनशील) चाचणीसुद्धा एक ते तीन तासांच्या अंतराने पुन्हा करतात आणि आकडा चढतोय का ते पाहतात. मोठा अटॅक तर बहुतेक वेळा ईसीजीवरच कळतो. तेव्हा रक्ताच्या रिपोर्टची वाट पाहत बसत नाहीत. छातीत दाब, घाम, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ असेल तर महाराष्ट्रात १०८ ला फोन लावा. लॅबची पायरी चढू नका, कळकळीने सांगतो.

ट्रोपोनिन वाढले म्हणजे रक्तवाहिनी बंदच झाली, असेही नाही. किडनीचा जुना आजार, सेप्सिस (अंगभर पसरलेला गंभीर जंतुसंसर्ग), हृदयाच्या स्नायूची सूज यांतही ते वाढते. तरी ‘किडनीमुळे असेल’ म्हणून सोडून देऊ नये, कारण अशा रुग्णांतही वाढलेला आकडा पुढच्या धोक्याची सूचना देतो. केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. काही पद्धतींच्या चाचण्यांत त्यामुळे ट्रोपोनिन खोटे कमी दिसते. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये तसा इशारा दिला होता.

हार्ट फेल्युअरच्या (हृदयाची पंपिंगची ताकद कमी पडलेल्या) रुग्णांच्या फाइलमध्ये बीएनपी आणि एनटी-प्रोबीएनपी, म्हणजे हृदयावरचा ताण दाखवणाऱ्या रक्तचाचण्या, हे दोन्ही सापडतात आणि नातेवाईक त्यांची तुलना करतात. चाचण्या वेगळ्या, आकडेही वेगळे. सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टन हे हार्ट फेल्युअरचे औषध चालू असेल तर बीएनपी औषधामुळेही वाढते, म्हणून एनटी-प्रोबीएनपी बघतात. लठ्ठ माणसात दोन्ही कमी येतात. उतारवयात, एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (हृदयाचे अनियमित ठोके) आणि किडनीच्या आजारात जास्त. डिस्चार्जच्या वेळचा आकडा लिहून ठेवा, पुढची तुलना त्याच्याशी करायची असते.

एचएस-सीआरपी ही शरीरातली सूज मोजणारी चाचणी ताप, सर्दी किंवा दाढ सुजलेली असताना करू नका. १० च्या वर आले तर दोनेक आठवड्यांनी पुन्हा करा.

फुल बॉडी पॅकेजमध्ये होमोसिस्टीन या रक्तातल्या अमिनो आम्लाची चाचणी अनेकदा असते. बी जीवनसत्त्वांनी ते उतरवून अटॅक कमी झाले नाहीत, हे मोठ्या अभ्यासांत दिसले आहे. मात्र लायपोप्रोटीन(ए), हा कोलेस्टेरॉल वाहणारा कण, जे आयुष्यात एकदा तरी तपासायला हवे, ते बहुतेकांनी केलेलेच नसते. ते मुख्यतः आनुवंशिक असते आणि स्टॅटिनने उतरत नाही. ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर आले तर भावंडांनी आणि मुलांनीही तपासून घ्यावे.

आणि क्रिएटिनिन (किडनीचे काम दाखवणारी चाचणी), पोटॅशियम? स्वस्त म्हणून दुर्लक्षित. रॅमिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन ही हृदयाची औषधे सुरू केल्यावर अथवा डोस वाढवल्यावर १-२ आठवड्यांत ही दोन्ही तपासावीच लागतात. वाढलेले पोटॅशियम कोणतेही लक्षण न दाखवता हृदयाचे ठोके बिघडवू शकते.