जिल्ह्याच्या उत्पन्नात राज्य शासन आणि स्थानिक संस्थांचा वाटा कसा मोजावा

जिल्ह्यात शासनाने इतके कोटी खर्च केले, हे वाक्य आपण सतत ऐकतो. पण खर्च म्हणजे योगदान नव्हे. खर्चातील कोणता भाग जिल्ह्यात मूल्य निर्माण करतो आणि कोणता नुसताच हातातून हातात जातो, हे वेगळे काढणे हेच या मोजणीचे खरे काम आहे. उदाहरणासाठी आपण गडचिरोली जिल्हा घेऊ.

सर्वप्रथम सीमा ठरवावी. राज्य शासनाची कार्यालये, जिल्हा परिषद, पंचायत समित्या, नगरपरिषदा, नगरपंचायती आणि ग्रामपंचायती आत घ्याव्यात. एसटी महामंडळ आणि महावितरण सेवा विकून पैसे मिळवतात, म्हणून त्यांचा हिशेब स्वतंत्र मांडावा. केंद्रीय राखीव पोलीस दल केंद्राचे असल्याने ते या मोजणीत येत नाही. राज्य राखीव पोलीस दल मात्र येते, आणि तिथे एक अडचण उभी राहते. बाहेरच्या जिल्ह्यातील गटाची तुकडी गडचिरोलीत तैनात असली तरी तिचे वेतन गटाच्या मुख्यालयी निघते, त्यामुळे केवळ जिल्हा कोषागाराचे आकडे घेतले तर ती सेवा दिसतच नाही. उलट पुण्यात कृषी, साखर, शिक्षण अशी राज्यस्तरीय आयुक्तालये असल्याने तिथला आकडा फुगलेला दिसतो. म्हणून देयक कुठे निघाले यापेक्षा काम कुठे झाले हे पाहावे.

सरकारी सेवेला बाजारभाव नसतो, म्हणून राष्ट्रीय लेख्यांत, म्हणजे देशाच्या उत्पन्नाच्या अधिकृत हिशेबात, तिचे मूल्य खर्चावरून ठरते. समजा, जिल्हा परिषदेच्या एका द्विशिक्षकी शाळेत वर्षाचे वेतन 14 लाख रुपये, खडू, वीज व किरकोळ खरेदी 40 हजार आणि इमारतीचा घसारा (वर्षभरातील झीज) 60 हजार आहे. शाळेचे उत्पादन 15 लाख झाले, पण खडू आणि वीज दुसऱ्या कोणी तरी निर्माण केलेली असल्याने शाळेचे स्थूल मूल्यवर्धन, म्हणजे उत्पादनातून अशी खरेदी वजा करून उरणारे मूल्य, 14 लाख 60 हजारच धरावे. हेच 14 लाख राज्याच्या हिशेबात सहायक अनुदान म्हणून आणि जिल्हा परिषदेच्या हिशेबात वेतन म्हणून दिसतात. दोन्ही बेरजेत घेतले तर एकाच शिक्षकाचा पगार दोनदा मोजला जातो. ही चूक सर्वांत जास्त होते, म्हणून प्रत्येक रक्कम शेवटी जिथे खर्च झाली तिथेच नोंदवावी. ही शाळा उत्पन्नाच्या तक्त्यात ‘लोक प्रशासन’ या ओळीत नसून शिक्षणासोबत इतर सेवांमध्ये येते, हेही ध्यानात ठेवावे. केवळ लोक प्रशासनाची ओळ पाहणाऱ्याच्या हातून शासनाच्या शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे दोन्ही निसटतात.

संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान हे हस्तांतरण आहे, म्हणजे कोणत्याही सेवेच्या मोबदल्याविना दिलेली रक्कम आहे; ते मूल्यवर्धनात धरू नये. निवृत्तिवेतनासाठी वेगळा रकाना ठेवावा, कारण त्याची नोंद पद्धतीनुसार बदलते. रस्त्याचे काम कंत्राटदाराने केले तर त्याचे मूल्यवर्धन बांधकाम क्षेत्रात जाते. शासनाकडे ती भांडवली गुंतवणूक राहते.

आकडे प्रत्यक्ष खर्चाचेच घ्यावेत. जिल्हा परिषदेचा निधी पुढच्या वर्षीही खर्च होतो, त्यामुळे मार्चअखेर वितरित झालेली रक्कम फसवी ठरते. राज्यात सातव्या वेतन आयोगाचे वेतन जानेवारी 2019 पासून मिळू लागले आणि थकबाकी 1 जानेवारी 2016 पासूनची होती. त्या वर्षी आकड्याने घेतलेली उडी ही सेवेतील वाढ नव्हे. म्हणून थकबाकी मूळ वर्षांत विभागावी आणि तुलना स्थिर किमतींना, म्हणजे महागाईचा परिणाम वगळून, करावी.

यानंतर येतो अप्रत्यक्ष परिणाम. वैनगंगेपलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात राहून ये-जा करणाऱ्या कर्मचाऱ्याचा पगार गडचिरोलीच्या मूल्यवर्धनात येतो, पण त्याचा किराणा आणि घरभाडे नदीपलीकडे जाते. सिमेंट, लोखंड आणि औषधेही बहुतांशी बाहेरून येतात. नेमणुकीच्या गावीच राहणाऱ्या कर्मचाऱ्यांचे प्रमाण आणि स्थानिक खरेदीचा वाटा प्रत्यक्ष पाहणी करून काढल्याखेरीज दुसऱ्या जिल्ह्याचा गुणक (शासनाच्या एका रुपयामागे स्थानिक उत्पन्न किती वाढते ते प्रमाण) इथे लावू नये.

खर्चावरून मूल्य काढण्याची एक मर्यादा मला फार महत्त्वाची वाटते. आरोग्य केंद्रातील डॉक्टरचे पद रिक्त राहिले तर योगदान घटलेले दिसते, पण डॉक्टर पगार घेऊनही गैरहजर राहिला तर आकडा तसाच राहतो. म्हणून मूल्यवर्धनाच्या तक्त्याशेजारी बाह्यरुग्णांची संख्या, संस्थेत झालेली बाळंतपणे, शाळेतील उपस्थिती आणि भरलेली पदे यांचे तालुकानिहाय रकाने जोडावेत. दुर्गम भामरागड आणि तुलनेने सुगम देसाईगंज या तालुक्यांची सरासरी काढून ते रकाने एकत्र करू नयेत.