‘इन्कम्बंट’चं हिंदी कसं करावं: आधी तारीख, मग शब्द

निवडणुका आल्या की इंग्रजी मजकुरात ‘इन्कम्बंट’ हा शब्द, म्हणजे ढोबळमानाने ‘पदावर असलेला माणूस’, जागोजागी दिसायला लागतो. भाषांतर करणारे मोबाइलवर त्याचा हिंदी अर्थ शोधतात आणि समोर यादी येते: पदधारी, पदस्थ, पदासीन, वर्तमान, मौजूदा, निवर्तमान, अनिवार्य. मग ‘कुठलाही घ्या, सगळ्यांचा अर्थ एकच’ असा सल्ला मिळतो. हा सल्ला ऐकू नका. यादीतला प्रत्येक शब्द आपापल्या जागी बरोबर आहे, पण एकाच्या जागी दुसरा बसत नाही.

पहिल्यांदा वाक्यात माणूस आहे की कर्तव्य, ते पाहा. ‘इन्कम्बंट ऑन’ अशी रचना असेल तर पदाचा काही संबंध नाही. हिंदीत ‘का दायित्व है’ किंवा ‘के लिए अनिवार्य है’ लिहा, मराठीत ‘बंधनकारक आहे’ किंवा ‘ची जबाबदारी आहे’.

मग क्षेत्र पाहा. इंग्लंडच्या चर्चविषयी मजकूर असेल तर इन्कम्बंट म्हणजे त्या पॅरिशचा, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या भागाचा, नेमलेला धर्मगुरू. हिंदीत ‘पादरी’ पुरतं. व्यापाराविषयी असेल तर बाजारात आधीपासून पाय रोवून बसलेली कंपनी, म्हणजे प्रस्थापित कंपनी. खासगी फोनकंपन्या आल्या तेव्हा मुंबईत एमटीएनएल होती तशी. सेवानियमांत आणि कार्यालयीन कागदांत ‘पदधारी’ चालतो, बातमीत तो जड वाटतो.

आता मुख्य अडचण, आणि मलाही सर्वांत जास्त वेळ इथेच लागायचा. माणूस खुर्चीवर आहे, पण कोणत्या टप्प्यावर? इंग्रजी एकाच शब्दात सगळे टप्पे निभावून नेतं. हिंदी आणि मराठी तसं करत नाहीत. म्हणून शब्दकोश उघडण्याआधी एका कागदावर तीन तारखा लिहून काढा: निकाल कधी लागला, राजीनामा दिला असेल किंवा मुदत संपली असेल तर ती कधी, आणि नव्या माणसाचा शपथविधी कधी. बातमी यांतल्या कोणत्या दोन तारखांच्या मधली आहे, त्यावर शब्द ठरतो.

२०२२ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक घ्या. २१ जुलैला निकाल लागला, द्रौपदी मुर्मू निवडून आल्या, २५ जुलैला त्यांनी शपथ घेतली. निकालापूर्वीच्या मजकुरात रामनाथ कोविंद हे हिंदीत ‘वर्तमान राष्ट्रपति’ किंवा नुसते ‘राष्ट्रपति’. निकाल आणि शपथ यांच्या मधल्या दिवसांत ते ‘निवर्तमान राष्ट्रपति’ आणि मुर्मू ‘नवनिर्वाचित राष्ट्रपति’. शपथ झाल्यावर कोविंद ‘पूर्व राष्ट्रपति’. २५ जुलैच्या शपथेपर्यंत इंग्रजीत कोविंद इन्कम्बंटच होते. आपल्या राज्यघटनेच्या ५६ व्या अनुच्छेदानुसार मुदत संपली तरी उत्तराधिकारी पद हाती घेईपर्यंत राष्ट्रपती पदावर राहतात. हिंदीत मात्र त्याच काळात शब्द बदलला.

मराठी माणूस ‘निवर्तमान’वर हमखास घसरतो, कारण त्यात ‘वर्तमान’ ऐकू येतो. तो ‘निवृत्त’चा भाऊबंद आहे हे पक्कं लक्षात ठेवा. जो परत फिरतो आहे, जायला निघाला आहे, तो निवर्तमान. आपल्याकडे याला ‘मावळते’ म्हणतात. दिल्लीच्या २०२५ च्या साहित्य संमेलनात रवींद्र शोभणे मावळते अध्यक्ष होते आणि तारा भवाळकर नव्या अध्यक्ष. पुन्हा उभा राहिलेल्या, अजून हरलेला नसलेल्या आमदाराला ‘निवर्तमान विधायक’ लिहिलंत तर वाचकाला तो गेलाच असं वाटेल. तिथे ‘मौजूदा विधायक’ लिहा. मराठीत ‘विद्यमान आमदार’.

मुदत संपली आणि निवडणूकच झाली नाही, तर? मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक आला. त्यानंतरच्या मजकुरात कोणी आदल्या सभागृहातल्या नगरसेवकांना इन्कम्बंट म्हटलं असेल, तरी मराठीत ‘विद्यमान’ लिहू नका. ते ‘माजी नगरसेवक’. उत्तर प्रदेशातली हिंदी वृत्तपत्रं अशा लोकांना ‘निवर्तमान सभासद’ म्हणतात, ते त्यांच्याकडे रूढ आहे. तिथला मजकूर असेल तर तसंच ठेवा.

राजीनामा दिला पण कारभार चालूच, ही आणखी वेगळी स्थिती. २६ नोव्हेंबर २०२४ ला एकनाथ शिंदे यांनी राजीनामा दिला आणि ५ डिसेंबरला देवेंद्र फडणवीस यांचा शपथविधी झाला. मधल्या काळात शिंदे मराठीत ‘काळजीवाहू मुख्यमंत्री’, हिंदीत ‘कार्यवाहक मुख्यमंत्री’. हा हिंदी शब्द उचलून मराठीत आणू नका. आपल्याकडे कार्यवाह म्हणजे संस्थेचा सचिव.

जुन्या काळाविषयी लिहिताना तर ‘मौजूदा’ आणि ‘विद्यमान’ दोन्ही विसरा. १९७७ मध्ये इंदिरा गांधी रायबरेलीत राज नारायण यांच्याकडून हरल्या, तेव्हा त्या इन्कम्बंट होत्या. ‘विद्यमान पंतप्रधान इंदिरा गांधी हरल्या’ हे वाक्य आजच्या वाचकापुढे ठेवता येत नाही. ‘तत्कालीन’ बसतो, पण मला क्रियापदाने सांगणं जास्त आवडतं: ‘पंतप्रधानपदावर असताना हरल्या’, हिंदीत ‘प्रधानमंत्री रहते हुए हार गईं’. अशा रचनेत शब्द शोधावाच लागत नाही आणि वाक्य बोलण्यातलं वाटतं. जमेल तिथे हाच मार्ग धरा.

‘पदाधिकारी’ मात्र इथे कधीच नको. मराठीत तो पक्षाचा किंवा मंडळाचा पदाधिकारी होतो. हिंदीतही तो प्रदेशागणिक बदलतो: उत्तर प्रदेशात जो ‘खंड विकास अधिकारी’, तोच बिहारमध्ये ‘प्रखंड विकास पदाधिकारी’.

राहिला ‘अँटी-इन्कम्बन्सी’. हिंदीत ‘सत्ता विरोधी लहर’ सर्रास चालतो, मराठीत ‘सत्ताविरोधी लाट’ किंवा ‘प्रस्थापितविरोधी लाट’. पण इंग्रजी मजकुरात नाराजी सरकारवर आहे की त्या मतदारसंघातल्या एका माणसावर, हे आधी बघा. विरोधी पक्षाच्या आमदारावरही लोक चिडलेले असू शकतात, आणि त्याच्याकडे सत्ता नसतेच. तिथे ‘मौजूदा विधायक से नाराज़गी’ आणि ‘विद्यमान आमदाराविषयीची नाराजी’ एवढंच लिहा. ‘लाट’ हा शब्द राज्यभर वारं फिरलं असेल तरच काढा.