छेदात शून्य आला की गाडी बंद

माझी भाची यंदा दहावीला, क्लासवरून आली की आमच्या लालबागच्या खोलीत कॉटवर वही पसरून बसते आणि थोड्या वेळात हाक येतेच, "मामा, सगळं बरोबर केलंय तरी मार्क कापलाय." बघतो तर खरंच सगळं बरोबर, फक्त छेदाकडे कोणी ढुंकूनही बघितलेलं नाही.

राशीची किंमत काढणं तसं सोपंय, क्षच्या जागी आकडा टाकायचा, पण कंसात टाकायचा. क्ष² − ३क्ष मध्ये क्ष = −२ असेल तर (−२)² − ३(−२) = ४ + ६ = १०. कंसाचा कंटाळा केला की −४ − ६ होतं आणि −१० घेऊन बसायचं. बास, एवढंच.

खरी गंमत चालत नसलेल्या किमतींची, म्हणजे क्षच्या ज्या किमतींना छेद शून्य होतो त्यांची. समजा शेअर टॅक्सीचं भाडं ६० रुपये, क्ष जण बसले, तर माणशी ६०/क्ष. चार जण असतील तर १५. आणि कोणीच बसलं नाही तर माणशी किती? शून्य म्हणू नका, इथे प्रश्नच फसलाय. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात छेदात शून्य असलेल्या राशीला 'खहर' म्हटलं आणि ती अनंत मानली, आपण शाळेत मात्र सरळ "व्याख्या नाही" लिहून मोकळं व्हायचं.

तर करायचं काय, अंशाला हातही न लावता फक्त छेद उचलायचा, = ० लिहायचं आणि सोडवायचं. उदाहरणार्थ (क्ष² − ९)/(क्ष² − ५क्ष + ६). छेदाचे अवयव पाडले की (क्ष − २)(क्ष − ३), म्हणजे २ आणि ३ बाद. हे आधी समासात लिहून ठेवा, हात जोडून सांगतो, आधीच. कारण मग तुम्ही अंशाचे (क्ष − ३)(क्ष + ३) करणार, वरखाली (क्ष − ३) ला काट मारणार, उरणार (क्ष + ३)/(क्ष − २), आणि त्यात ३ टाकलं तर मस्त ६ येतं! पण मूळ राशीत ३ टाकून बघा, ०/०. काट मारली म्हणून बाद झालेला परत आत येत नाही. अंश शून्य झाला तर काही बिघडत नाही हं, क्ष = −३ ला किंमत ० येते, बिनधास्त लिहा. आणि छेद क्ष² + ४ असा असेल तर तो कधी शून्य होतच नाही, उगाच शोधत बसू नका.

समीकरणात हाच घोटाळा अजून लपून येतो. क्ष/(क्ष − ३) = ३/(क्ष − ३) + २. छेद काढला की क्ष = ३ + २क्ष − ६, म्हणजे क्ष = ३. पोरं खाली दोन रेघा मारून खूश, पण ३ तर बाद होतं! उकलच नाही, आणि तेच उत्तर.

आता एक आपल्या रोजच्यातलं. चर्चगेट ते विरार साधारण ६० किमी. हिशोबापुरतं धरू की स्लो लोकलचा वेग ताशी क्ष किमी, फास्टचा २० जास्त आणि फास्ट अर्धा तास आधी पोचते. ६०/क्ष − ६०/(क्ष + २०) = १/२. समासात: ० आणि −२० बाद. २क्ष(क्ष + २०) ने गुणलं की क्ष² + २०क्ष − २४०० = ०, अवयव (क्ष + ६०)(क्ष − ४०). ४० टाकून बघा, स्लोला दीड तास, फास्टला एक, जमलं. −६० बाद यादीत नाहीये, ते मूळ समीकरणातही बसतं, पण वेग उणे कसा असेल म्हणून आपण सोडतो. भाची म्हणाली, "मामा, ती रिटर्न मारणारी लोकल असेल." हसलो, पण "वेग ऋण नसतो म्हणून" हे कारण तिच्याकडून लिहून घेतलंच.