स्तन लहान करण्याची शस्त्रक्रिया: आधीची तयारी आणि नंतरचे दिवस

मान आणि खांदे सतत दुखत असतील, ब्राच्या पट्ट्यांचे वळ खांद्यांत रुतत असतील आणि स्तनांखालच्या घडीत घामाने वारंवार पुरळ उठत असेल, तर ही शस्त्रक्रिया म्हणजे केवळ दिसण्याची हौस, असे मानून संकोच करू नये. या तक्रारींवर घेतलेल्या उपचारांचे जुने कागद जपून ठेवावेत. विमा कंपन्या सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेचा खर्च सहसा देत नाहीत, त्यामुळे वैद्यकीय गरज डॉक्टरांकडून लेखी घेऊन पूर्वमंजुरीचा अर्ज करावा. सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा डीएनबी ही पदवी आहे ना, हे निःसंकोच विचारावे.

खरी तयारी तंबाखू सोडण्याची आहे. सिगारेटच नव्हे, तर आपल्याकडे अनेक जणी ज्याला व्यसन मानतच नाहीत ती मिश्रीसुद्धा किमान चार आठवडे आधी बंद करावी आणि जखमा भरेपर्यंत लावू नये, कारण निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि शस्त्रक्रियेनंतर मोजक्याच रक्तवाहिन्यांवर विसंबून असलेले स्तनाग्र काळे पडून गमावण्याचा धोका वाढतो. घरच्यांसमोर हे सांगणे अवघड वाटत असेल, तर डॉक्टरांना एकटीने भेटावे, पण लपवू नये.

शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन होते आणि तिला साधारण दोन ते चार तास लागतात. स्तनाग्राभोवती, तेथून खाली आणि बहुधा घडीतही छेद घेतला जातो. काढलेला भाग पॅथॉलॉजी तपासणीसाठी पाठवतात.

त्यानंतर सुमारे सहा आठवडे तारा नसलेली, पुढून उघडणारी, आधार देणारी ब्रा वापरावी लागते. बैठे काम दोनेक आठवड्यांत सुरू करता येते, मात्र पाण्याने भरलेली बादली किंवा मूल उचलण्यासाठी डॉक्टरांची परवानगी मिळेपर्यंत थांबावे. उभा आणि आडवा छेद जिथे मिळतात तिथली जखम थोडी उकलणे नेहमीचे आहे आणि ती ड्रेसिंगने भरते; पण ताप येणे, एकच बाजू अचानक सुजणे, स्तनाग्राचा रंग बदलणे, पोटरी दुखणे किंवा धाप लागणे, यांपैकी काहीही झाल्यास वेळ न घालवता रुग्णालय गाठावे.

व्रण पुसले जात नाहीत, वर्ष-दीड वर्षात फिके होतात. स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते. पुढे मूल हवे असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगावे: शस्त्रक्रियेनंतर काहींना पुरेसे दूध येते, काहींना अपुरे, तर काहींना येतच नाही, आणि कोणती पद्धत वापरायची, किंवा बाळंतपणापर्यंत थांबायचे का, हे त्यावरून ठरवता येते.