फुलावरची माशी विचित्र वागते तेव्हा : माघ-फाल्गुनाचा सल्ला

माघ निम्मा सरला की पुणे जिल्ह्यात फुलोरा एकदम वाढतो. बीजोत्पादनासाठी लावलेल्या कांद्याचे गोंडे उमलू लागतात, इंदापूर-बारामतीकडे आंबे बहराच्या डाळिंबाला कळी सुटते, आंबा मोहरलेला असतो, कलिंगड आणि काकडीचे वेल पसरायला लागतात. बंगल्याच्या बागेत नि गच्चीतल्या कुंड्यांतही फुलं असतात. याच दिवसांत मावा, फुलकिडे आणि तुडतुडे वाढतात, त्यामुळे फवारणीचे पंपही बाहेर निघतात. मधमाशी आणि औषध एकाच फुलावर भेटतात ती हीच वेळ.

या हंगामात बागायतदारांचे बरेच प्रश्न सारख्याच धर्तीचे असतात. माशी फुलात तोंड न घालता बुडाला भोक का पाडते? फुलं सोडून पानं का चाटते? सकाळपासून एकाच फुलाला लटकून का राहिली आहे? काही जण याला कीड समजतात, काही जण रोग समजतात, आणि दोघेही औषध मारून मोकळे होतात. तसं करू नका. पंप भरण्याआधी दहा-पंधरा मिनिटं पिकात उभे राहा. माशी फुलाच्या कोणत्या भागावर बसते, किती वाजता येते आणि उडताना तिचा तोल नीट आहे का, एवढंच बघा. विचित्र वाटणारं बहुतेक वागणं निरोगी माशीचं असतं. विषबाधेची लक्षणं वेगळी असतात आणि ती ओळखता येतात. ती पुढे दिली आहेत.

सगळ्या माश्या एकसारख्या नसतात, हे आधी ध्यानात घ्या. मधपेटीत देशी सातेरी किंवा परदेशी मेलीफेरा असते. झुडपात तळहाताएवढं एकच उघडं पोळं करते ती फुलोरी. उंच झाडांवर, कड्यांवर आणि शहरातल्या इमारतींच्या सज्जांखाली मोहोळ लावते ती आग्या. या चौघी वसाहतीने राहतात. यांच्याशिवाय काळा, निळसर चमकत्या पंखांचा भुंगा, पोटावर निळे पट्टे असलेली माशी आणि पानं कापणारी माशी या एकेकट्या राहणाऱ्या आहेत. त्यांना मध साठवायचा नसतो. त्या लाकडात, मातीत किंवा पोकळ काडीत घर करतात. शेतकरी ज्या वागण्याने चक्रावतात त्यातलं बरंचसं या एकट्या माश्यांचं असतं.

भोक पाडण्याची गोष्ट आधी घेऊ. टेकोमा किंवा थनबर्जियासारख्या फुलांची नळी लांब असते आणि मध अगदी तळाशी असतो. भुंगा समोरून न जाता नळीच्या बुडाशी बसतो, तिथे चीर देतो आणि थेट मध ओढतो. चीर एकदा पडली की सातेरी आणि फुलोरीही तीच वाट वापरतात. त्यांना स्वतःला फूल फाडता येत नाही, पण तयार भोक त्या सोडत नाहीत. अशा भेटीत परागकोश (पराग असलेला भाग) आणि कुक्षी (पराग झेलणारा भाग) बाजूलाच राहतात, म्हणून परागीभवन होत नाही. शोभेच्या झाडात याने काही बिघडत नाही. ज्या पिकात फळ किंवा बी हवं आहे तिथे मात्र बुडाला चिरलेली फुलं आणि धरलेली फळं दोन्ही मोजा. फळधारणा नीट असेल तर भुंग्याला हात लावू नका. हाच भुंगा तुरीच्या फुलात रीतसर शिरून परागीभवन करतो. टोमॅटो आणि वांग्यात तर त्याच्याइतकं उपयोगी दुसरं कोणी क्वचितच असतं.

टोमॅटोचं फूल बघा. पराग एका बंद शंकूत असतो आणि टोकाच्या बारीक छिद्रांतून बाहेर पडतो. या फुलात मधही नसतो, म्हणून सातेरी इकडे फारशी फिरकत नाही. भुंगा आणि निळ्या पट्ट्यांची माशी शंकूला जबड्याने घट्ट धरतात आणि पंख न हलवता अंगाचे स्नायू थरथरवतात. आवाज एकदम बारीक आणि उंच होतो आणि पराग पोटावर सांडतो. वांग्यातही असंच घडतं. जबड्याने धरलेल्या जागी शंकूवर तपकिरी डाग उमटतो. हा डाग रोगाचा नाही आणि फुलकिड्यांचाही नाही. माशी येऊन गेल्याची ती पावती आहे. टोमॅटो स्वपरागी असला तरी या थरथरीने फळं चांगली भरतात. नारायणगाव पट्ट्यातल्या टोमॅटोवाल्यांनी उन्हाळी प्लॉटमध्ये सकाळी हा आवाज कान देऊन ऐकावा. आवाज येत असेल तर त्या दिवशी फुलांवर कीटकनाशक नको.

गुलाबाच्या पानांचे कडेने गोल तुकडे गेलेले दिसले की अळी पडली असं वाटतं. अळीने खाल्लं तर कडा वेड्यावाकड्या असतात आणि खाली विष्ठेचे दाणे पडतात. पानकापी माशीचा काप कात्रीने कापल्यासारखा गोल आणि स्वच्छ असतो. ती पान खात नाही, त्याने पिल्लांच्या घराचं अस्तर करते. शोभेला चार पानं कमी झाली तरी झाड मरत नाही. हे नुकसान सोसण्याजोगं आहे असं माझं स्पष्ट मत आहे, कारण हीच माशी लसूणघास या चाऱ्याच्या पिकाच्या बियाण्याला तारते.

लसूणघासात एक गमतीची अडचण आहे. त्याच्या फुलात मधला दांडा दाबून धरलेला असतो. माशी समोरून बसली की तो झटक्याने सुटतो आणि तिच्या डोक्यावर आपटतो. परागीभवन होतं ते या झटक्यानेच. पेटीतल्या माश्यांना तो आवडत नाही. थोड्याच भेटींत त्या शिकतात आणि पाकळ्यांच्या फटीतून कडेने सोंड घालून मध काढू लागतात. मग शेत माश्यांनी गजबजलेलं असतं, पण शेंगा धरत नाहीत. पानकापी माशीला त्या झटक्याचं काही वाटत नाही. बियाण्यासाठी राखलेल्या लसूणघासाच्या बांधावर एका टोकाला बंद असलेल्या बांबूच्या किंवा बोरूच्या पोकळ कांड्यांच्या जुड्या आडव्या बांधून ठेवा. बांधावरची सगळी जुनी लाकडं आणि वाळलेल्या काड्या जाळू नका.

कांदा बीजोत्पादनाविषयी सविस्तर सांगायला हवं, कारण मोठं नुकसान इथेच होतं. कांद्याच्या एकाच फुलात पराग आधी सुटतो आणि कुक्षी नंतर तयार होते, त्यामुळे एका फुलाचा पराग दुसऱ्यावर नेणारं कोणीतरी लागतंच. पण कांद्याच्या मधात पोटॅशियम बरंच असतं आणि माश्यांना तो फारसा रुचत नाही. शेजारी मोहरी, कोथिंबीर किंवा सूर्यफूल फुललेलं असेल तर माश्या तुमच्या गोंड्यांवरून उडत तिकडे जातात. पेट्या आपल्या शेतात आणि माश्या दुसऱ्याच्या, अशी तक्रार यातूनच येते. त्यावर पहिला उपाय म्हणजे वेळ. पेट्या लवकर आणून ठेवू नका. गोंड्यांतली साधारण 10 टक्के फुलं उमलली की आणा. माशी नव्या जागी आल्यावर पहिल्या दिवसांत जे फूल शिकते त्याच्याशी काही काळ एकनिष्ठ राहते. तेव्हा तिच्यासमोर पहिलं फूल कांद्याचंच असलं पाहिजे.

दुसरी गोष्ट कांद्याच्या फुलातला मध उघडा असण्याची. कोरड्या उन्हात दुपारी तो आटून घट्ट होतो आणि माश्या कमी होतात. त्यामुळे दुपारी दोन वाजता शेतात जाऊन माश्याच नाहीत असं ठरवू नका. थंडी असेल तर सकाळी त्या उशिरा निघतात, म्हणून ऊन पडल्यापासून दुपारपर्यंतचा काळ पाहा. फुलोऱ्यात पिकाला पाण्याचा ताण देऊ नका.

माश्या खेचण्यासाठी गोंड्यांवर गुळाचं पाणी फवारायची पद्धत अजून काही ठिकाणी आहे. मी ती सुचवत नाही. गुळावर आलेली माशी पात आणि दांडे चाटत बसते, फुलाकडे जात नाही. त्यावर मुंगळेही चढतात. माश्या खरोखर हव्या असतील तर बांधावर मोहरी, बडीशेप लावा, पण कांदा उमलण्याआधी त्यांचा बहर संपेल अशा बेताने लावा. राजगुरुनगरला कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे. बीजोत्पादनाच्या शंका तिथे नेता येतात.

पानं चाटणारी माशी गुळाशिवायही दिसते. आंब्याच्या, डाळिंबाच्या किंवा कपाशीच्या पानांवर माश्या घोळक्याने फिरत असतील आणि फुलांकडे जात नसतील तर पान उलटून बघा. बहुतेक वेळा खाली मावा, तुडतुडे किंवा पिठ्या ढेकूण असतो आणि त्याने सोडलेला गोड चिकटा त्या गोळा करत असतात. माशीने दाखवलेली ही किडीची जागा आहे. नंतर त्या चिकट्यावर काळी बुरशी चढते. पण इथेच धोकाही असतो. पिकाला फूल नाही म्हणून बिनधास्त फवारणी होते आणि चिकट्यावर बसलेल्या शेकडो माश्या मरतात. कपाशीत किंवा चवळीत कीड नसताना माशी देठाशी वा पानावर दिसली तर तेही नवल नाही. या पिकांना फुलाबाहेरही मधग्रंथी असतात.

मक्याचंही तसंच आहे. मका वाऱ्यावर परागीभवन होणारं पीक, तिथे माशीचा काय संबंध असं वाटतं. सकाळी तुऱ्याखाली उभे राहून बघा, सातेरी आणि आग्या पायांना परागाचे पिवळे गोळे लावून नेत असतात. पिल्लांसाठी त्यांना पराग लागतोच. म्हणून लष्करी अळीचं औषध तुरे निघाल्यावर सकाळी मारू नका. तसंही अळी पोंग्यात (कोवळ्या पानांच्या गुंडाळीत) असते तेव्हाच तिच्यावर औषध लागू पडतं.

संध्याकाळी फवारा, माश्या वाचतात, हा सल्ला सगळीकडे दिला जातो. कांदा, काकडी, कारली, कलिंगड यांच्यासाठी तो बरोबर आहे. कलिंगडाचं फूल सकाळी उघडतं, दुपारनंतर मिटतं आणि पुन्हा उघडत नाही. एका मादी फुलाला माशीच्या किमान आठेक भेटी लागतात, नाहीतर फळ एका बाजूने बसकं होतं. पण दुधी भोपळा, दोडका आणि पडवळ यांची फुलं संध्याकाळी उमलतात. दोडक्यावर त्या वेळी माश्या असतात, दुधीवर आणि पडवळावर पतंग येतात. या वेलांवर संध्याकाळची फवारणी नेमकी चुकीच्या वेळी होते. रात्रीची फुलं मिटल्यावर आणि ऊन तापण्याआधी फवारा, शेजारच्या फुललेल्या पिकाकडे वारा नाही हे बघूनच. रात्र म्हणजे माश्यांची सुट्टी असंही सरसकट धरू नका. चांदण्या रात्री आग्या बाहेर पडते. भीमाशंकर अभयारण्यात तर अंधारात फुलांवर जाणारा भुंगा आहे, चांदण्यांच्या उजेडातही त्याला रंग ओळखता येतात.

स्थिर बसलेल्या माशीची कारणं वेगवेगळी असतात. अंधार पडताना वाळक्या काडीला जबड्याने चावून ओळीने लटकलेल्या निळ्या पट्ट्यांच्या माश्या झोपलेल्या नर असतात. ऊन लागलं की उडतात. फुलावर बसलेली माशी हलवूनही हलली नाही तर तिच्यामागे पाकळीच्याच रंगाचा खेकड्यासारखा कोळी असेल, त्याने तिला धरलेलं असतं. आणि सगळ्याच माश्या अचानक नाहीशा झाल्या तर विजेच्या तारेवर वेडा राघू बसला आहे का बघा. यातल्या कशालाही औषध नको.

आता विषबाधेची लक्षणं. माशी उडायचा प्रयत्न करते आणि पडते, पाठीवर गरगर फिरते, पाय आणि पंख थरथरतात, तोंडातून सोंड बाहेर लोंबते. पेटीच्या दाराशी मेलेल्या किंवा रांगणाऱ्या माश्यांचा ढीग पडतो आणि त्यांच्यातल्या काहींच्या पायांना पराग तसाच असतो. कधी ढीग दिसतही नाही. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम या गटातल्या औषधांनी माशी वाट चुकते आणि परतच येत नाही, पेटी रोज थोडी रिकामी होत जाते. एक फरक मात्र ध्यानात ठेवा. मेलीफेराच्या पेटीसमोर पंख चुरगळलेल्या माश्या रांगत असतील तर ते वारोआ या माश्यांच्या अंगावर जगणाऱ्या बारीक परजीवी कोळ्याचं लक्षण आहे, शेजाऱ्याच्या फवारणीचं नाही. भांडणाआधी पंख बघा.

फवारणी टाळताच येत नसेल तर फुलोऱ्याआधी उरका. भुकटीपेक्षा द्रावण बरं, कारण भुकटी परागासारखी अंगाला चिकटते आणि पेटीत जाते. कीटकनाशकात बुरशीनाशक सहज मिसळू नका. प्रोपिकोनॅझोलसारखी बुरशीनाशकं काही कीटकनाशकांचं विष माशीसाठी आणखी वाढवतात. आदल्या दिवशी पेटीवाल्याला सांगा. अंधार पडल्यावर सगळ्या माश्या आत आल्या की तो दारं बंद करील किंवा पेट्या हलवील. बंद पेटीवर ओलं पोतं टाकून हवेला वाट ठेवा. फाल्गुनाच्या उन्हात बंद पेटीतल्या माश्या गुदमरून मरतात, म्हणून दुपारपर्यंत दार बंद ठेवणं धोक्याचं.

पाण्याकडे मात्र बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. ऊन वाढलं की पोळं थंड ठेवायला माश्या पाणी आणतात आणि ते कुठलंही चालतं, पंप धुतलेल्या डबक्याचंही. पंप पाटावर किंवा विहिरीच्या थारोळ्यात धुऊ नका. पेट्यांपासून थोड्या अंतरावर, सावलीत, उथळ परातीत खडे टाकून स्वच्छ पाणी ठेवा आणि रोज बदला. फुलं उमलण्याआधीच ठेवायला सुरुवात करा, म्हणजे माश्यांना तीच जागा ठाऊक होते. शहरात गच्चीवरच्या नळाशी किंवा एसीच्या थेंबांवर माश्या येतात त्यांनाही हेच पाणी चालतं.

विषबाधा झालीच तर पेटी तिथून हलवा, साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन पाक द्या आणि नुकत्याच आणलेल्या परागाने भरलेल्या फ्रेम काढून टाका. तो पराग पिल्लांना खाऊ घातला जातो आणि विष आणखी काही आठवडे पेटीत राहतं. मेलेल्या माश्या कागदी पाकिटात भरून, औषधाचं नाव आणि फवारणीची वेळ लिहून तालुका कृषी अधिकाऱ्याकडे न्या. पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर 1962 पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. पेट्या पहिल्यांदाच घेणाऱ्यांनी फुलोऱ्याची वाट न पाहता तिथल्या प्रशिक्षणाची आधी चौकशी करावी.