कास्तकाराचे दुःख कॅमेऱ्यात कसे आणावे

गावातील माणसांना घेऊन मोबाइलवर लघुपट करताना दुःखाचा प्रसंग आला, की नटाला रडायला लावण्याचा मोह होतो, तो टाळावा. त्याला पाहण्यासाठी एखादी नेमकी वस्तू द्यावी आणि पाहायला पुरेसा वेळ द्यावा, कारण चेहऱ्यावरचा भाव बराचसा प्रेक्षकच भरत असतो. १९२० च्या सुमारास रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्ह यांनी एका नटाचा तोच निर्विकार चेहरा कधी सूपच्या थाळीला, तर कधी शवपेटीला जोडून दाखवला आणि प्रेक्षकांना त्यात एकदा भूक, तर एकदा शोक दिसला, असे चित्रपटाच्या अभ्यासात आजही शिकवले जाते.

आपल्या वावरात हे सहज करता येते. पऱ्हाटीचे हिरवे, बाहेरून धडधाकट दिसणारे बोंड कास्तकाराने अंगठ्याने फोडावे आणि आतली गुलाबी बोंडअळी व किडका कापूस नीट दिसेपर्यंत कॅमेरा बोटांवरच ठेवावा. त्यानंतर धुऱ्यावरच्या दगडाला मोबाइल स्थिर टेकवून, डोळ्यांच्या उंचीवरून त्याचा चेहरा घ्यावा आणि मनात दहापर्यंत आकडे मोजून होईस्तोवर शॉट तोडू नये. मध्ये संवाद नको, झूम तर मुळीच नको. पुढच्या दृश्यात तो ढोरांना पाणी पाजत असला, तरी पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढून ते बोंड हलत नाही.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत काम केलेले नट मिळाले, तर भाग्यच समजावे. मात्र मंडपातल्या शेवटच्या रांगेपर्यंत भाव पोहोचवण्याची त्यांना सवय असते. त्यांना "कमी करा" असे सांगितल्यास ते अवघडतात. त्याऐवजी हाताला दोर वळण्यासारखे काम द्यावे, म्हणजे अभिनय आपोआप आवरतो.

संकटापेक्षा संकटाची भीती अधिक खोल रुतते. सतीश मनवर यांच्या 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) या विदर्भातील शेतकऱ्याच्या चित्रपटात नवरा आत्महत्या करील या धास्तीने बायको त्याच्यावर सतत लक्ष ठेवते, मुलालाही त्याच्या मागे पाठवते. त्यामुळे तो नुसता नजरेआड झाला, तरी आपला जीव टांगणीला लागतो.

पार्श्वसंगीताचा विचार सर्वांत शेवटी करावा. आधी संगीताविना जोडलेला लघुपट शेजारच्या चार माणसांना दाखवावा आणि पडद्याकडे नव्हे, त्यांच्याकडे पाहावे. ती जिथे बोलायची थांबतात, तिथे संगीत घालू नये, पऱ्हाटीची सळसळ तेवढी ठेवावी. ही सळसळ माइकवर पातळ रुमाल गुंडाळून वेगळी रेकॉर्ड करावी, कारण चित्रीकरणाच्या वेळचा वारा मोबाइलमध्ये नुसता घोंघावतो.